करणपुऱ्याचे राजे भेटले बिकानेरला

आमच्या छत्रपती संभाजीनगरात करणपुरा आहे, पदमपुरा आहे, केसरसिंगपुरा आहे. करणपुऱ्याची देवी तर अख्ख्या मराठवाड्याला माहितीये, नवरात्रात तिथं जी यात्रा भरते तिला कधी गेला नाही असा माणूस शहरात सापडणं कठीण. पण हा करण कोण, पदम कोण, हे विचारलं तर बहुतेक लोक गप्प होतात, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं. करण म्हणजे बिकानेरचे राजा करणसिंह, आणि पदमसिंह, केसरीसिंह ही त्यांची मुलं. बापलेक मुघलांच्या चाकरीत दक्षिणेत आले, औरंगाबादच्या भोवती त्यांनी आपापले पुरे वसवले, आणि राजा करणसिंह १६६९ मध्ये औरंगाबादेतच वारले. त्यांची छत्री, म्हणजे खांबांवर घुमट असलेलं स्मारक, मात्र हजारभर किलोमीटरवर, वाळवंटात, बिकानेरजवळच्या देवीकुंड सागरला.

बाबांचं सगळं बालपण पदमपुऱ्यात गेलेलं. त्यामुळे या हिवाळ्यात राजस्थानला जायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, जैसलमेर राहू दे हवं तर, पण बिकानेर बघायचंच. मी पण हट्टाने देवीकुंड सागर पहिल्याच दिवशी ठेवलं, कारण टूरवाल्यांच्या यादीत ते शेवटी असतं आणि वेळ कमी पडला की पहिलं तेच कापतात.

बिकानेर शहरापासून पूर्वेला साधारण आठ किलोमीटर, जयपूरच्या रस्त्याला. रिक्षा करून गेलो. शहर संपलं की दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं, वाळू, मधेच एखादी उंटगाडी, आणि मग सागर नावाचं गाव येतं. गेटातून आत पाऊल टाकलं आणि बाबा जागच्या जागी थांबले. फोटोत बघून मला वाटलं होतं चार-सहा छत्र्या असतील, इथं तर छत्र्यांचं गावच वसलेलं. लाल दगडाच्या, पांढऱ्या संगमरवराच्या, मोठ्या चौथऱ्यावरच्या, अगदी गुडघाभर उंचीच्या, काहींवर गोल घुमट, काहींवर बंगाली झोपडीसारखं वाकलेलं छप्पर, एकमेकींना खेटून, नुसत्या रांगा. शेजारी कल्याणसागर तलाव, त्यात पाणी नव्हतंच म्हणा.

ही राठोडांची, म्हणजे बिकानेरच्या राजघराण्याची स्मशानभूमी. बिकानेर वसवलं राव बिकांनी १४८८ मध्ये, जोधपूरच्या राव जोधांचा मुलगा. त्यांची स्वतःची छत्री इथं नाही, ती शहरात जुन्या गढीच्या जागेवर आहे, तिला बिकाजी की टेकरी म्हणतात. देवीकुंडावरची सगळ्यात जुनी छत्री राव कल्याणमल यांची, ते १५७४ मध्ये गेले. तिथून पुढे जवळजवळ चारशे वर्षं राजघराण्यातल्या माणसांची स्मारकं इथंच होत गेली.

लाल दगड तिथलाच, लूणकरणसरकडे दुलमेरा म्हणून गाव आहे तिथल्या खाणीतला. जुनागढ किल्ल्यात, जुन्या हवेल्यांमध्ये, सगळीकडे तोच दिसतो. कोरायला तो चांगला असावा, कारण खांबांवरच्या वेली, महिरपी, तोडे, कुठेही हात ठेवा, काम बारीक आहे. जसजसं अलीकडच्या काळात येतो तसतसा लाल दगड कमी होतो आणि संगमरवर वाढतो. महाराजा सूरतसिंहांची छत्री (ते १८२८ ला गेले) पूर्ण पांढऱ्या संगमरवराची, आणि आत मान वर करून बघितलं तर छतावर राजपूत शैलीतली रंगीत चित्रं. बाबांना मान वर करून फार वेळ बघता येत नाही म्हणून मी फोनवर फोटो काढून त्यांना झूम करून दाखवत होते आणि ते मला हे कोण ते कोण सांगत होते.

पण मला आधी करणसिंह शोधायचे होते.

छत्रीच्या आत मधोमध एक उभी शिळा असते, तिला तिकडे देवळी म्हणतात. तिच्यावर घोड्यावर बसलेला राजा आणि खाली लेख. लेख देवनागरीत, म्हणजे आपल्याला अक्षर ओळखू येतं, सवय झाली की तिथी, वार, नाव लागतं. सन मात्र विक्रम संवतातला, त्यातून ५७ वजा करायचे. संवत १७२६ म्हणजे आपलं १६६९. मी आणि बाबा दोघं एकेका छत्रीत शिरून आकडे वाचत फिरत होतो. तिथं एक वयस्कर राखणदार होते, केसरी फेटा, हातात झाडू. बराच वेळ त्यांनी आमचा हा खेळ बघितला आणि मग विचारलं, "कठै सूं पधार्‍या सा?" बाबा म्हणाले, औरंगाबादसे, महाराष्ट्र. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि म्हणाले, "अच्छा, करणसिंहजीवाला औरंगाबाद!" आणि स्वतः पुढे होऊन आम्हाला घेऊन गेले.

मला तो क्षण फार लागला. आमच्या गावाची ओळख त्यांना वेरूळ-अजिंठ्याने नाही, बीबी का मकबऱ्यानेही नाही, तर त्यांचा राजा जिथं गेला ते गाव म्हणून होती.

करणसिंहांचा आणि आपला संबंध केवळ मरणापुरता नाही. १६३१ ला ते गादीवर आले आणि जवळजवळ लगेच दक्षिणेत. १६३३ चा दौलताबादचा वेढा, त्याच्या पुढच्या वर्षी परांडा, दोन्हीकडे ते होते. औरंगजेब शहजादा म्हणून दक्षिणेचा सुभेदार होता तेव्हा १६५६ च्या सुमाराला जव्हारच्या कोळी राजावर फौज गेली ती करणसिंहांच्याच हाताखाली. म्हणजे बिकानेरच्या वाळूत वाढलेला माणूस सह्याद्रीच्या घाटातून जव्हारच्या जंगलात उतरला. शेवटी मात्र औरंगजेबाची मर्जी फिरली, हयातीतच गादी काढून मुलाला दिली गेली आणि शेवटची वर्षं औरंगाबादेत गेली. बिकानेरात अजून त्यांना "जंगळधर बादशाह" म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात की अटकेजवळ सगळ्या राजपूत राजांना नदीपार नेऊन बाटवायचा औरंगजेबाचा बेत होता, तो कळल्यावर करणसिंहांनी पहिली कुऱ्हाड मारून नावा फोडल्या आणि बाकी राजांनी त्यांना तिथंच ही पदवी दिली. इतिहासकार या कथेबद्दल काय म्हणतात तो भाग वेगळा, पण "जय जंगळधर बादशाह" हे पुढे बिकानेर संस्थानाचं ब्रीद झालं एवढं खरं. राखणदारांनी ही गोष्ट आम्हाला अशी सांगितली की जणू मागच्या वर्षी घडलीये.

आणि पदमसिंह! बाबा ज्यांच्या नावाच्या वस्तीत लहानाचे मोठे झाले त्या पदमसिंहांची गोष्ट तर खुद्द औरंगाबादेतली. त्यांचे धाकटे भाऊ मोहनसिंह, त्यांचं एका हरणावरून शहराच्या कोतवालाशी भांडण झालं. ते पोचलं औरंगजेबाचा मुलगा शहजादा मुअज्जम याच्या दिवाणखान्यात, तिथं तलवारी निघाल्या आणि मोहनसिंह पडले. पदमसिंह धावत आले, भावाला तसं बघितलं आणि खांबाआड गेलेल्या कोतवालाला एका घावात मारलं, असं सांगतात. तलवार इतक्या जोरात आली की खांबावरही घाव उठला म्हणे. पदमसिंह स्वतः पुढे १६८३ मध्ये तापीकाठी मराठ्यांशी लढताना पडले. पदमपुऱ्यात शाळेत जाणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना ही गोष्ट कुणीतरी सांगायला पाहिजे की नको? बाबांना सत्तरी ओलांडल्यावर कळली, आणि ती सुद्धा बिकानेरला येऊन.

तिथं उभं राहून मी हिशोब लावत गेले तेव्हा अजून एक गोष्ट लक्षात आली. राजा रायसिंह, ज्यांनी १५८९ ते १५९४ मध्ये जुनागढ बांधला, ते १६१२ मध्ये बुऱ्हाणपूरला वारले. त्यांचा मुलगा सूरसिंह १६३१ ला, बुऱ्हाणपूरजवळच. सूरसिंहांचे करणसिंह औरंगाबादेत. करणसिंहांचे अनूपसिंह १६९८ मध्ये आदोनीला, म्हणजे आजच्या आंध्रात. आणि अनूपसिंहांचे स्वरूपसिंह, लहान वयात गादीवर आलेले, ते पण आदोनीलाच १७०० मध्ये. बाप, मुलगा, नातू, पणतू आणि त्याचाही मुलगा, पाच पिढ्या ओळीने घरापासून लांब, दक्षिणेच्या मुलखात संपल्या. दक्षिण जिंकायचा हट्ट दिल्लीच्या बादशहांचा, पण त्याची किंमत वाळवंटातल्या या एका घराण्याने किती मोजली ते या छत्र्यांच्या रांगेत दिसतं. आपण हा इतिहास आपल्या बाजूने वाचतो, शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराराणी, आणि तसाच वाचला पाहिजे, ते आपलं स्वातंत्र्य होतं. पण समोरच्या छावणीत ही अशी माणसं होती, जी परत गेलीच नाहीत, आणि त्यांच्या घरच्यांनी इथं दगड उभा करून त्यावर नाव कोरलं, हे देवीकुंडला आल्याशिवाय माझ्या मनात कधी नीट उतरलं नव्हतं.

अनूपसिंहांची छत्री या सगळ्यात देखणी आहे असं माझं मत. सोळा खांब, घुमटाच्या आत कृष्णाची चित्रं, रंग उडालेत पण निळा अजून टिकून आहे. या माणसाबद्दल मला विशेष आदर आहे. आयुष्य गेलं छावण्यांमध्ये, काही काळ औरंगाबादचा कारभारही त्यांच्याकडे होता, पण जिथं जिथं गेले तिथून त्यांनी पोथ्या गोळा केल्या. विजापूर, गोवळकोंडा पडत होते, गावं उजाड होत होती, आणि हा राजा संस्कृत पोथ्या आणि धातूच्या मूर्ती गाड्यांवर लादून बिकानेरला पाठवत होता. पोथ्यांची अनूप संस्कृत लायब्ररी आज लालगढ पॅलेसमध्ये आहे, आणि मूर्ती जुनागढमधल्या तेहतीस कोटी देवतांच्या मंदिरात. संगीताची आवड असणाऱ्यांसाठी सांगते, भावभट्ट नावाचे संगीतशास्त्रकार याच अनूपसिंहांच्या दरबारी होते, आणि पुढे आपल्या पंडित भातखंड्यांनी त्यांच्या ग्रंथांचा अभ्यास केला. म्हणजे दक्षिणेतून पोथ्या बिकानेरला गेल्या आणि बिकानेरच्या पोथ्यांकडे दोनशे वर्षांनी मुंबईचा माणूस आला. मी त्या चौथऱ्यावर बसून हे सगळं बाबांना सांगत होते आणि बाबा म्हणाले, "अगं म्हणजे हा माणूस लढाईला आला आणि ग्रंथपाल होऊन गेला." बाबांनी एका वाक्यात संपवलं.

आता जे लिहायचंय ते लिहिताना हात जड होतो. देवळीवर राजाचा घोडा कोरलेला असतो ना, त्याच्यासमोर हात जोडून उभ्या बायका पण कोरलेल्या असतात. कधी एक, कधी रांगच्या रांग. त्या सती गेलेल्या. लेखात त्यांची पण नोंद असते. पहिल्या एक-दोन छत्र्यांमध्ये मी नुसतं कोरीवकाम म्हणून बघितलं, मग राखणदारांनी सांगितलं तेव्हा समजलं आणि त्यानंतर प्रत्येक शिळेत माझी नजर आधी तिकडेच जायला लागली. सगळ्यांचे चेहरे सारखे, उंची सारखी, हात सारखेच जोडलेले. काही तर अगदी बारक्या. आणि विचार करा, राजा वारला औरंगाबादला किंवा आदोनीला, ती बातमी सांडणीस्वारासोबत वाळवंट पार करून किती दिवसांनी बिकानेरला पोचणार, आणि ती बातमी येईपर्यंत जनान्यातल्या बायका रोजचं जगत असणार, सणवार करत असणार. राजे गेले लढाईत किंवा आजाराने, वयाने. या मात्र एका निरोपाने गेल्या.

राजघराण्यातली शेवटची सती १८२५ मधली, सूरतसिंहांचे पुत्र मोतीसिंह यांच्या पत्नी दीपकंवर. त्यांच्या जागी अजूनही लोक हात जोडतात, भाद्रपदात मेळा भरतो. आम्ही गेलो तेव्हा पण कुंकू होतं, वाळलेली फुलं होती, एक नवीन लग्न झालेलं जोडपं नमस्कार करून गेलं. मी नमस्कार केला, पण त्या प्रथेला नाही, त्या बाईला. बंदीचा कायदा बेंटिंकने १८२९ मध्ये केला तो कंपनीच्या मुलखापुरता, संस्थानांमध्ये तो आपोआप लागू होत नव्हता, हेही इथं आठवलं. मला वाटतं तिथं एक साधी पाटी हवी, ज्यात हे स्पष्ट लिहिलेलं असेल. लोक खांबाला टेकून फोटो काढतात आणि मागच्या शिळेवर काय आहे ते बघतच नाहीत.

काही छोट्या चौथऱ्यांवर नुसती पावलं कोरलीयेत, घोडा नाही, लेख असलाच तर एक ओळ. या लहान लहान चौथऱ्यांकडे कुणीच जात नाही. बाबा गेले. एकेक करून सगळ्यांपाशी दोन मिनिटं थांबले.

महाराजा गंगासिंहांची छत्री अलीकडची, पांढरी. बिकानेरात गंगासिंहांचं नाव आजही घराघरात आहे आणि त्याला कारण पाणी. सतलजचं पाणी आणणारा गंग कालवा १९२७ मध्ये सुरू झाला आणि आज श्रीगंगानगर जिथं आहे तिथला ओसाड मुलूख गहू-कापसाचा झाला. त्यांचं उंटदळ, गंगा रिसाला, चीनपासून इजिप्तपर्यंत लढून आलं. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर भारताकडून सह्या झाल्या त्यात एक सही त्यांची आहे. आणि ते गेले कुठे? मुंबईत, फेब्रुवारी १९४३ मध्ये. आमच्या रिक्षावाल्या दादांना गंगासिंहांबद्दल विचारलं तर ते म्हणाले, आमच्या शेतात पाणी आहे ते त्यांच्यामुळे, बास, दुसरं काही बोलायची त्यांना गरजच वाटली नाही.

एक गजसिंहांबद्दल सांगायचं राहिलं. १७४६ ते १७८७, मोठी कारकीर्द. त्यांच्या छत्रीपाशी मी बाबांना म्हटलं, "बाबा, हे शिंद्यांच्या विरुद्ध लढले होते." खरंच, १७५४ मध्ये मेडत्याजवळ जोधपूरचे विजयसिंह आणि जयाप्पा शिंदे यांची लढाई झाली त्यात गजसिंह विजयसिंहांच्या मदतीला होते. हरल्यावर विजयसिंह नागौरच्या किल्ल्यात अडकले, जयाप्पांनी वेढा घातला, आणि तो वेढा चालू असतानाच १७५५ च्या जुलैमध्ये जयाप्पांना त्यांच्याच छावणीत दगा करून मारलं. धाकटे भाऊ दत्ताजी शिंदे, तेच पुढे बुराडी घाटावर पडले ते, त्यांनी वेढा उठवला नाही. जयाप्पांची छत्री नागौरजवळ ताऊसर गावात आहे. म्हणजे राठोड राजांचे पुरे आमच्या शहरात आणि आमच्या सरदाराची छत्री राठोडांच्या मुलखात.

बिकानेर ते नागौर साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटर, जोधपूरच्याच वाटेवर. त्यामुळे आम्ही जोधपूरची गाडी नागौरला थांबवायची असं तिथल्या तिथं ठरवलं, बाबांनीच ठरवलं खरं तर. ताऊसरबद्दल वेगळं लिहीन, त्याला स्वतंत्र जागा द्यायला हवी.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की संगमरवरावर डोळे दिपतात आणि आतलं काही दिसत नाही, शिवाय लाल दगडाचा रंग सकाळच्या तिरप्या उन्हातच खरा खुलतो. टॉर्च न्या, घुमटातली चित्रं आणि शिळेवरचे लेख वाचायला लागते. जिथं पूजा असते तिथं चपला काढा. पाणी बरोबर ठेवा. राखणदार असतील तर त्यांच्याशी बोला, त्यांना जे माहितीये ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही. आणि दोन-तीन तास काढून जा, अर्ध्या तासात फोटो काढून निघालात तर काहीच बघितलं नाही असं होईल. वरच्या चित्रांवर कबुतरांची घाण साठलीये, काही छत्र्यांना तडे गेलेत, हे पण दिसेल. ज्यांच्याकडे देखभाल आहे त्यांनी निदान अनूपसिंहांच्या घुमटाला जाळी लावावी असं मनापासून वाटतं, कारण ती चित्रं एकदा गेली की गेली.

आणि आमच्या शहराकडे पण एक मागणं आहे. करणपुऱ्यात देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नाहीतर पदमपुऱ्याच्या चौकात, एक पाटी लावा, चार ओळींची: कोण होते, कुठून आले, कधी गेले, छत्री कुठे आहे. मजकूर बाबांनी परतीच्या ट्रेनमध्येच वहीत लिहून काढलाय, मराठीत आणि हिंदीत, आणि येत्या आठवड्यात तो घेऊन ते नगरसेवकांकडे जाणार आहेत. संभाजीनगरातलं कुणी हे वाचत असेल आणि सोबत यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा.